सेन्सेक्स किती अंकांनी नव्हे, किती टक्क्यांनी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यांचा बाजाराशी रोजचा संबंध आहे ते भाव मोबाइलवर पाहतात. छापील अर्थ पान लक्ष देऊन वाचतो तो बहुतेक वेळा नवखाच: नुकतेच डिमॅट खाते उघडलेला, नाहीतर उघडावे की नाही या विचारात असलेला. याच वाचकाची बाजाराच्या बातम्यांतल्या ठरावीक शब्दांनी सर्वांत जास्त दिशाभूल होते. म्हणून त्या शब्दांचा खुलासा आणि जाताजाता काही सूचना. पत्र लांबले आहे, जागेनुसार कात्री लावावी.

सुरुवात ‘सेन्सेक्स अमुक अंकांनी कोसळला’ या मथळ्यापासून. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आल्यावर काही दिवसांतच, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ती घसरण १२.७७ टक्क्यांची होती. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, तो जवळपास ४,३९० अंकांनी पडला आणि ती घसरण ५.७४ टक्क्यांची होती. अंक सातपटीहून जास्त, पण मार निम्म्याहून कमी. सेन्सेक्स ८० हजारांच्या पातळीवर असताना ५७० अंक म्हणजे पाऊण टक्काही नाही. एवढी वर-खाली ही बाजाराची रोजची चाल आहे. त्यासाठी ‘भूकंप’ हा शब्द मथळ्यात वापरला, तर २३ मार्च २०२० सारख्या दिवसासाठी शब्द कुठून आणायचा? त्या दिवशी १३ टक्क्यांवर घसरण झाली आणि दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडताच बाजार ४५ मिनिटे बंद ठेवावा लागला. मथळ्यात अंकांशेजारी टक्केही छापावेत, एवढीच विनंती.

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० निवडक कंपन्यांचा निर्देशांक. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष, तेव्हाची पातळी १०० धरलेली. निफ्टी ५० राष्ट्रीय शेअर बाजाराचा, ३ नोव्हेंबर १९९५ रोजी १,००० धरलेला. दोन्हींत प्रत्येक कंपनीचे वजन सारखे नसते. प्रवर्तकांकडचा, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकांकडचा, हिस्सा सोडून बाजारात फिरणाऱ्या शेअरांचे एकूण मूल्य जितके मोठे तितके वजन जास्त. त्यामुळे एचडीएफसी बँक, रिलायन्स आणि आयसीआयसीआय बँक हे तीन शेअर चढले, तर बाजारातले बहुसंख्य शेअर पडलेले असूनही निर्देशांक हिरवा दिसू शकतो. ‘सेन्सेक्स वर आणि माझेच शेअर खाली कसे?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. त्या दिवशी किती शेअर वाढले आणि किती घटले हा आकडा बाजार रोज जाहीर करतो. तोही एका ओळीत देता येईल.

दुसरा मथळा त्याहून जुना आहे: ‘गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी पाण्यात’. हा आकडा बाजार भांडवलातला फरक असतो. बाजार भांडवल म्हणजे शेअरचा शेवटचा भाव गुणिले कंपनीचे एकूण शेअर. दिवसभरात थोड्याच शेअरांची खरेदी-विक्री होते, पण शेवटच्या सौद्याचा भाव सगळ्या शेअरांना लावला जातो, अगदी प्रवर्तकांच्या तिजोरीतल्या, कधीच विकायला न येणाऱ्या शेअरांनाही. ४ जून २०२४ रोजी सुमारे ३१ लाख कोटी ‘बुडाले’. ७ जूनला, म्हणजे तीनच सत्रांनंतर, सेन्सेक्स ३ जूनच्या बंद पातळीच्याही वर गेला. हे ३१ लाख कोटी कोणी उचलून नेले नव्हते आणि कोणी परत आणूनही ठेवले नाहीत.

पण इथून काही जण उलटे अनुमान काढतात: विकले नाही तर तोटा नाही. निर्देशांक सावरतो, कारण त्यातून कमजोर कंपन्या काढून दुसऱ्या घेतल्या जातात. तुमच्या खात्यातला शेअर असा आपोआप बदलत नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला त्या बँकेवर निर्बंध आणावे लागले आणि त्यानंतर तो भाव पुन्हा जवळपासही दिसलेला नाही. ‘भाव परत येईल’ म्हणून वाट पाहताना आपण निर्देशांकाबद्दल बोलतो आहोत की एका कंपनीबद्दल, हे आधी ठरवावे.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे. दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि लाखाचा महाग, हा नवख्यांचा सर्वांत पक्का समज. एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये एक लाखाच्या वर गेला. या कंपनीचे एकूण शेअर सुमारे ४२ लाख ४१ हजार. म्हणजे लाखाच्या भावाला सगळी कंपनी साधारण ४२ हजार कोटींची. समजा दुसऱ्या एका कंपनीचे ५,००० कोटी शेअर आहेत आणि भाव दहा रुपये. ती कंपनी ५० हजार कोटींची झाली. महाग कोणती? अजून सांगताच येत नाही, कारण दोघींचा नफा माहीत नाही. नफा भागिले शेअरसंख्या म्हणजे प्रतिशेअर मिळकत, ईपीएस. भाव भागिले ईपीएस म्हणजे पी/ई. भाव ६०० आणि वर्षाची प्रतिशेअर मिळकत ३० असेल, तर पी/ई २०. एका रुपयाच्या वार्षिक नफ्यासाठी बाजार वीस रुपये मोजतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पी/ई वाचतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. कंपनीने यंदा जमीन विकून एकदाच मोठी रक्कम मिळवली असेल, तर नफा फुगतो आणि पी/ई चार-पाचवर येऊन शेअर स्वस्त भासतो. पुढच्या वर्षी जमीन नसते, नफाही नसतो. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढ-उताराच्या धंद्यांत तर पी/ई सर्वांत कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना, म्हणजे घेण्यासाठी नेमक्या चुकीच्या वेळी. बँकेच्या पी/ईची तुलना साबण बनवणाऱ्या कंपनीशी करू नये. ती त्याच धंद्यातल्या दुसऱ्या बँकेशीच करावी.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत हीच चूक एनएव्हीवरून, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या भावावरून, होते. नवीन फंड दहा रुपयांना, जुना तीनशेला, म्हणून नवा स्वस्त, असे नसते. दोघांकडचे शेअर सारखे असतील आणि ते दहा टक्के वाढले, तर दहाचे अकरा होतील आणि तीनशेचे तीनशे तीस. तुमच्या हजार रुपयांचे दोन्हीकडे अकराशेच.

साखरेवरून एक वेगळा मुद्दा, कारण सांगली-कोल्हापूरकडे ‘शेअर’ म्हटले की आजही आधी सहकारी कारखान्याचा शेअर आठवतो. तो शेअर म्हणजे सभासदत्व. कितीही शेअर असले तरी मत एकच, विकायचा तर कारखान्याच्या परवानगीने, बाजारभाव असा नाहीच. शेअर बाजारातल्या कंपनीत जितके शेअर तितकी मते, आणि विकायला कोणाला विचारावे लागत नाही. बदल्यात भाव मात्र रोज वर-खाली होतो. शेअर घेऊन ठेवला म्हणजे सवलतीची साखर, ऊसनोंदणी असे काही तरी हाताला लागतेच, अशी अपेक्षा या दुसऱ्या शेअरकडून ठेवू नये. लाभांश जाहीर करणे हेही कंपनीवर बंधन नाही.

लाभांशाच्या बातमीत सर्वांत जास्त गंडवणारी संख्या टक्क्यांची. ‘कंपनीकडून ५०० टक्के लाभांश’ हे वाचून माणूस हजाराचे पाच हजार मनात मोजतो. हे टक्के दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीवर, असतात, बाजारभावावर नाहीत. दर्शनी मूल्य बहुधा १, २, ५ किंवा १० रुपये. एक रुपया दर्शनी मूल्याचे ५०० टक्के म्हणजे पाच रुपये. शेअरचा भाव हजार असेल, तर परतावा अर्धा टक्का. बातमीत ‘प्रतिशेअर ५ रुपये’ असे लिहिले की काम झाले. हा लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांहून जास्त मिळाला, तर कंपनी आधीच दहा टक्के उद्गम कर (टीडीएस) कापून घेते.

लाभांश किंवा बक्षीस शेअर (बोनस, म्हणजे फुकट मिळणारे जादा शेअर) कोणाला मिळणार, हे रेकॉर्ड डेटला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तारखेला, खात्यावर कोणाचे नाव आहे यावर ठरते. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सर्व शेअरांची देवाणघेवाण सौद्यानंतरच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी पुरी होते. याला टी प्लस वन म्हणतात. म्हणून रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी हवी. त्याच दिवशी घेतला तर काही मिळत नाही. आणि आदल्या दिवशी घेऊन लाभांश पदरात पाडून लगेच विकू, ही युक्तीही चालत नाही, कारण रेकॉर्ड डेटला भाव साधारण लाभांशाइतका उतरूनच उघडतो. वर लाभांशावर कर द्यावा लागतो तो वेगळाच.

बक्षीस शेअरचे उदाहरण रिलायन्सचे घेऊ. २८ ऑक्टोबर २०२४ ही एकास एक बक्षीस शेअरची रेकॉर्ड डेट होती. आदल्या सत्रात २,६५० च्या आसपास असलेला भाव त्या दिवशी निम्मा दिसला. शंभर शेअरवाल्याकडे आता दोनशे होणार होते, म्हणजे एकूण किंमत तीच. पण बक्षीस शेअर खात्यात जमा व्हायला दोन-चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस ॲपवर शंभरच शेअर, निम्मा भाव आणि लाल अक्षरात पन्नास टक्के तोटा दिसतो. अशा वेळी घाबरून विकणारे असतात, आणि ‘निम्म्या किमतीत रिलायन्स’ म्हणून धावत घेणारेही. शेअर विभाजनातही, म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर करण्यातही, हाच प्रकार. फरक एवढाच की विभाजनात दर्शनी मूल्यही घटते, बक्षीस शेअरमध्ये ते तसेच राहते. आपल्या भाव-तक्त्यात अशा दिवशी शेअरच्या नावापुढे एक खूण द्यावी.

खरेदी-विक्रीच्या पडद्यावर पहिली निवड असते मार्केट की लिमिट. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला द्या. लिमिट म्हणजे या भावाला किंवा त्याहून चांगल्याला, नाहीतर नको. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये फरक काही पैशांचा पडतो. छोट्या कंपनीत काय होते ते आकड्यांत पाहा. पडद्यावर भाव ५२.१० दिसतो आहे. विकणाऱ्यांच्या रांगेत ५२.१० ला शंभर शेअर, ५२.४० ला दीडशे, ५४ ला तीनशे. तुम्ही पाचशे शेअरांची मार्केट ऑर्डर टाकली. शंभर ५२.१० ने, दीडशे ५२.४० ने आणि उरलेले अडीचशे ५४ ने मिळाले. एकूण २६,५७० रुपये, सरासरी ५३.१४. भाव ‘५२.१०’ पाहून घेतलेल्या शेअरवर पहिल्याच क्षणी दोन टक्के गेले. त्यामुळे नवख्याने लिमिटच वापरावी, आणि ऑर्डर टाकण्याआधी दोन्ही बाजूंचे पहिले पाच भाव आणि त्यापुढची संख्या वाचावी. घेणाऱ्याचा सर्वोच्च आणि विकणाऱ्याचा सर्वांत कमी भाव यांत दोन-तीन टक्क्यांचे अंतर असेल, तर त्या शेअरमधून बाहेर पडणेही तितकेच महागात पडेल.

स्टॉप लॉसबद्दलही खोटा दिलासा पसरलेला आहे. त्यात दोन भाव भरायचे असतात: ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, आणि लिमिट, म्हणजे ज्याखाली विकायचे नाही तो. दोनशेला घेतलेल्या शेअरवर ट्रिगर १८० आणि लिमिट १७९ ठेवली. रात्री वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी १७० ला उघडला. ट्रिगर लागला, ऑर्डर जागी झाली, पण १७९ ला घेणारा कोणी नाही. ती तशीच पडून राहते आणि भाव आणखी उतरतो. ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसे अंतर ठेवले, तर हा धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावी लागते. आणि शेअरला लोअर सर्किट लागले असेल, तर काहीच उपयोग नाही.

सर्किट म्हणजे एका दिवसात भाव किती हलू द्यायचा याची मर्यादा. शेअरनुसार ती २, ५, १० किंवा २० टक्के असते. ज्यांत वायदे-व्यवहार (फ्युचर्स-ऑप्शन्स) चालतात त्या शेअरांना अशी ठरावीक मर्यादा नसते. अप्पर सर्किटला सगळे घेणारे, विकणारा कोणी नाही, लोअरला उलट. पाच टक्क्यांची मर्यादा असलेल्या शेअरला सलग दहा दिवस लोअर सर्किट लागले, तर शंभराचे साठ होतात आणि त्या दहा दिवसांत तुम्हाला एकही शेअर विकता येत नाही. व्हॉट्सॲपवर ज्या दोन-पाच रुपयांच्या शेअरची ‘रोज अप्पर सर्किट’ म्हणून जाहिरात चालते, त्याचा शेवट बऱ्याचदा असा होतो. टिप देणाऱ्याने आपले शेअर तुम्हालाच विकलेले असतात.

खर्चाबद्दल. ‘झिरो ब्रोकरेज’ म्हणजे शून्य खर्च नव्हे. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या व्यवहारात, घेताना आणि विकताना दोन्ही वेळा ०.१ टक्के रोखे व्यवहार कर, घेताना ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय बाजाराचे व्यवहार शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ही रक्कम फार नाही. मात्र विकताना डिमॅटमधून शेअर काढण्याचे डीपी शुल्क लागते ते दर कंपनीमागे, दर दिवशी ठरलेले, बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस रुपयांच्या आसपास. शंभर शेअर विका नाहीतर एक, शुल्क तेवढेच. दीडशे रुपयांचा एकच शेअर विकला, तर किमतीचा दहावा हिस्सा इथेच गेला. रोज एकेक शेअर विकून ‘थोडा थोडा नफा’ काढणाऱ्यांनी आपले मासिक विवरण एकदा उघडून पाहावे. नफ्यावरचा करही लक्षात हवा: बारा महिन्यांपर्यंत ठेवून विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, त्याहून जास्त ठेवला तर वर्षाच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. तोटा झाला असेल, तर तो पुढील आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. मात्र बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा तशाच शेअरच्या नफ्यातून वजा होतो, आणि त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. तोट्याच्या वर्षी विवरणपत्र कशाला, असे म्हणून अनेक जण हा हक्क घालवतात.

फ्युचर्स-ऑप्शन्सवर, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांवर, फार लिहीत नाही. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या स्वतःच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा एक लाख ८० हजार कोटींहून अधिक. नवख्याला या विषयावर एवढी एक ओळ पुरेशी आहे.

आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या, बातमीत मात्र तुमच्या दैनिकाला खूप काही करता येईल. बातमीत किती पट भरणा झाला आणि ग्रे मार्केटमध्ये (शेअर बाजारात येण्याआधीच्या अनधिकृत सौद्यांत) किती अधिमूल्य आहे, हे ठळक येते. नव्या शेअरांची विक्री किती आणि जुन्या भागधारकांची किती, हे येतच नाही. नव्या शेअरांचे पैसे कंपनीला मिळतात: कारखाना, कर्जफेड, जे असेल ते. जुन्या भागधारकांनी विकलेल्या शेअरांचे पैसे त्यांच्याच खिशात जातात, कंपनीला एक पैसाही नाही. मे २०२२ मधला एलआयसीचा सुमारे २१ हजार कोटींचा आयपीओ संपूर्णपणे सरकारी हिश्श्याची विक्री होता. ९४९ रुपयांना विकलेला तो शेअर पहिल्या दिवशीच त्याखाली उघडला. ग्रे मार्केटचा आकडा तर कोणत्याही नियमनाखाली येत नाही. अर्ज जास्त आले, तर किरकोळ गटात वाटप एकेका लॉटची (ठरावीक शेअरांच्या गठ्ठ्याची) सोडत काढून होते, म्हणून एका नावावर पाच लॉट मागून संधी वाढत नाही. एका पॅनवरून दोन अर्ज केले, तर दोन्ही बाद. दुसऱ्याच्या यूपीआयवरून पैसे अडवले, तरी अर्ज बाद. किमतीच्या रकान्यात ‘कट-ऑफ’ (ठरेल तो अंतिम भाव मान्य) निवडावे, आणि यूपीआयची मंजुरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्यावी. पैसे खात्यातच अडवून ठेवलेले असतात, शेअर न मिळाल्यास मोकळे होतात. कोणालाही आगाऊ पाठवायचे नसतात.

याच ठिकाणी हल्लीची फसवणूक सुरू होते. ‘हमखास आयपीओ’ देणारे बनावट ॲप हुबेहूब खऱ्यासारखे दिसते, त्यात नफाही वाढताना दिसतो, आणि पैसे काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. भांडवली नफ्यावरचा कर ॲपला भरायचा नसतो, तो आयकर खात्याला विवरणपत्राबरोबर भरायचा असतो. शेअर खरे आहेत की नाही, हे ॲपवर तपासू नये. डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांच्या संकेतस्थळावर पॅनवरून मिळणाऱ्या एकत्रित विवरणात पाहावे. तिथे नसतील, तर ते कुठेच नाहीत. ब्रोकरला यूपीआयने पैसे पाठवताना ऑक्टोबर २०२५ पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला पत्ता आणि हिरव्या त्रिकोणातला अंगठा दिसायला हवा. एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यावर कधीच पैसे पाठवू नयेत. नोंदणीकृत ब्रोकरविरुद्ध तक्रार सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर करता येते. पण ॲपच बनावट असेल, तर स्कोअर्सवर वेळ घालवू नये: थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले, तरच ते परत मिळण्याची शक्यता उरते.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली